मॉर्फिनची गोळी आणि अडलेली फाइल: पॅलिएटिव्ह केअरच्या पाठपुराव्याला नव्याने लागणाऱ्यांसाठी

आमच्या काकांना जबड्याचा कॅन्सर होता. शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या, १० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर फार्मासिस्टने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्याकडे सरकवली. "हे आम्ही ठेवत नाही. भानगडीचं औषध आहे." बाहेरच्या मेडिकलवाल्याने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गर्दुल्ल्यांसाठीच माल मागायला आलोय. शेवटी माझ्या चुलतभावाने दुसऱ्या जिल्ह्यातून एसटीने जाऊन-येऊन गोळ्या आणल्या. त्या रात्री काका सलग पाच तास झोपले.

पुढे मी या कामात, म्हणजे अशा रुग्णांच्या वेदना आवरणारी पॅलिएटिव्ह केअर सरकारी दवाखान्यांत मिळावी म्हणून पाठपुरावा करण्यात, पडलो, आणि पहिलं दीड वर्ष चक्क वाया घालवलं. "शासनाने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणावं" अशी निवेदनं मी दिसेल त्याला देत होतो. एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांनी एकदा चहा पाजून सांगितलं, "अहो, धोरण आहे. २०१२ पासून आहे. तुम्ही जे मागताय ते देऊन झालंय, म्हणून तर तुमची नस्ती, म्हणजे फाइल, बंद होते."

तेव्हापासून माझं काम बदललं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागद आहे, पण तो कुठल्या तरी टेबलावर अडलेला आहे. ते टेबल शोधायचं आणि कागद पुढच्या टेबलावर सरकेपर्यंत तिथे जात राहायचं, असं हे काम आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याचं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

आधी आपण काय मागतोय ते नीट समजून घ्या

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी, झोप उडणं हे सगळं आवरणं आणि घरच्यांच्या मनाचा भार हलका करणं. ही सेवा फक्त कॅन्सरसाठी नाही. किडनी निकामी झालेले, फुप्फुसं थकलेले, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, डिमेन्शियाचे रुग्ण, दुर्धर आजार घेऊन जन्मलेली मुलं या सगळ्यांना ती लागते. फक्त शेवटच्या आठवड्यासाठीही नाही, मूळ उपचार चालू असतानाही ती द्यायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोचते.

अधिकाऱ्यासमोर बसल्यावर पहिल्याच मिनिटात हे सांगता आलं पाहिजे, कारण समोरच्याच्या डोक्यात हमखास दोनपैकी एक गैरसमज असतो. एक, "म्हणजे मरणाऱ्यांचा वॉर्ड." दोन, "म्हणजे इच्छामरण." दुसरा जास्त घातक. बैठकीत इच्छामरण हा शब्द आपल्या तोंडून कधीच काढू नका. एकदा तो निघाला की उरलेला अर्धा तास त्यावरच जातो.

पायरी पहिली: कागद गोळा करा

एक फाइल घ्या आणि त्यात हे ठेवा. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम, २०१२. महाराष्ट्राचं पॅलिएटिव्ह केअर धोरण, तेही २०१२ चंच. त्याआधीचं केरळचं धोरण, २००८ चं. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७, ज्यात प्राथमिक आरोग्यसेवेच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर घातलेली आहे. आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांची यादी. हा शेवटचा कागद खेड्यातल्या कार्यकर्त्याच्या सर्वांत उपयोगाचा. आपल्या उपकेंद्राच्या दारावर ती पाटी रंगवलेली असेल तर वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा त्यात येते, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाणं हे उपकार नाहीत, नेमून दिलेलं काम आहे. पाटीचा फोटो काढून फाइलला लावा. मी लावतो, आणि तो पाहून अधिकाऱ्यांचा सूर बदललेला पाहिलाय.

शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात. शोधताना एकच शब्द टाकून थांबू नका. पॅलिएटिव्ह, पॅलेटिव्ह, उपशामक, परिहारक, सगळं टाकून पाहा. टंकलेखन करणाऱ्याला जे सुचलं ते शीर्षकात असतं.

पायरी दुसरी: टेबल शोधा

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात.

आधी मॉर्फिनची गोष्ट सांगतो, कारण ती या कामाची बाराखडीच आहे. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. रोख तस्करांवर होता, पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके की दवाखान्यांनी मॉर्फिनचा नादच सोडला. एका औषधासाठी चार-पाच परवाने, ते वेगवेगळ्या खात्यांकडून, आणि शेवटचा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर पुढच्या बारा वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घसरला. १९९७ साली अख्ख्या देशाने वापरलं अवघं १८ किलो. आणि हा तो देश, जो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवतो आणि नीमच नि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया करतो! आपल्या शेतातली अफू जगभरच्या रुग्णांच्या वेदना शमवायला जात होती, घरचा रुग्ण मात्र कण्हत होता.

१९९४ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर आणि केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं याच्या मागे लागली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. दुरुस्ती विधेयक २०११ मध्ये मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि पडून राहिलं. पंधराव्या लोकसभेचा शेवटचा आठवडा उजाडला. त्यात ते निसटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २० फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत आणि २१ तारखेला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, राज्यसभेत ते मंजूर झालं. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक अमली औषधं' ठरली. दवाखान्याला आता एकाच ठिकाणची मान्यता लागते, राज्याच्या औषध नियंत्रकाची. आपल्याकडे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची.

आता यातली गंमत बघा. हा कायदा आरोग्य मंत्रालयाचा नाही. तो अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचा. आयुष्यभर आरोग्य मंत्र्यांना निवेदनं देत बसलो असतो तरी एक स्वल्पविराम बदलला नसता.

जिल्ह्यातही असंच आहे. जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं नि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. शहरातले दवाखाने महापालिकेकडे. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, ज्याचा मंत्री वेगळा, सचिव वेगळा. मागच्या काही वर्षांत कितीतरी जिल्ह्यांत जुनं सिव्हिल नव्या मेडिकल कॉलेजला जोडलं गेलं. इमारत तीच, पाटी बदलली. तुमच्या जिल्ह्यात तसं झालं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आणि तिथल्या नर्स नेमक्या कुणाच्या वाट्याला गेल्या. बरेचदा कुणालाच माहीत नसतं.

एका कागदावर चार चौकोन काढा आणि प्रत्येकात अधिकाऱ्याचं पद लिहा. नाव लिहू नका, नाव बदलीबरोबर जातं.

पायरी तिसरी: माहिती अधिकार

मागणी करण्याआधी सद्यस्थिती त्यांच्याच शिक्क्यानिशी हातात घ्या. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा ऑनलाइन भरा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्रात दोन नियम ध्यानात ठेवावे लागतात: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "का केलं नाही?" असं विचारायचं नसतं, त्याला उत्तर मिळत नाही. उपलब्ध असलेला कागद मागायचा. माझा नेहमीचा मजकूर असा:

"आपल्या रुग्णालयास अत्यावश्यक अमली औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मिळालेल्या मान्यतेची प्रत द्यावी. मागील दोन आर्थिक वर्षांत मॉर्फिन गोळ्यांची केलेली मागणी, मिळालेला साठा व रुग्णांना दिलेल्या गोळ्यांची संख्या दर्शवणाऱ्या साठा नोंदवहीच्या पानांच्या प्रती, रुग्णांची नावे वगळून, द्याव्यात. पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांची पदनामासह यादी द्यावी."

'रुग्णांची नावे वगळून' हे तीन शब्दांचं कवच विसरू नका, नाहीतर गोपनीयतेचं कारण देऊन सगळाच अर्ज फेटाळतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, तेही पुढच्या तीस दिवसांत. आणि "निरंक", म्हणजे काहीच नाही, असं एका शब्दाचं उत्तर आलं तर निराश होऊ नका. मला एकदा तीनही मुद्द्यांवर निरंक आलं होतं. त्याच्यासारखा पुरावा नाही.

पायरी चौथी: एकच मागणी, तीही लहान

"जिल्ह्यात सुसज्ज पॅलिएटिव्ह केअर केंद्र उभारावे" ही मागणी ऐकायला छान. त्यावर "शासनस्तरावर विचाराधीन" हे उत्तर तयारच असतं.

त्याऐवजी असं मागा की अमुक ग्रामीण रुग्णालयाने मॉर्फिनच्या मान्यतेसाठी अर्ज करावा. हो, फक्त अर्ज. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो, तर मग दुसरी मागणी अशी की एका वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षणाला सोडावं. मुंबईत टाटा मेमोरियल आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, शिकायची सोय लांब नाही. अडतं ते डॉक्टरला कामावरून सोडण्याच्या सहीवर. मग तीच सही मागा.

मागणी अशी असावी की ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाही बोट दाखवून सांगता यावं.

पायरी पाचवी: निवेदन आणि आवक शिक्का

निवेदन एक पान. वर विषय, खाली संदर्भ (शासन निर्णय, माहिती अधिकारातलं उत्तर, पाटीचा फोटो), मग तीन परिच्छेद: काय असायला हवं, काय आहे, आम्ही काय मागतो. शेवटी "प्रत माहितीसाठी" म्हणून वरच्या अधिकाऱ्याचं पद. ही शेवटची ओळ पत्रातल्या बाकी सगळ्या ओळींपेक्षा जास्त काम करते.

दोन प्रती न्यायच्या. साहेबांच्या हातात देऊन, फोटो काढून घरी येऊ नका. फोटोतलं निवेदन साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली जातं. आधी आवक-जावक विभागात जा. तिथे बहुधा एक बाई किंवा सेवानिवृत्तीला आलेले एक गृहस्थ मोठं रजिस्टर घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक म्हणजे तुमच्या कागदाचा जन्मदाखला. पुढच्या वेळी "आमचं पत्र मिळालं का?" विचारायचं नाही. "आवक क्रमांक अमुक, तो कुठल्या संकलनाला गेला?" असं विचारायचं. संकलन म्हणजे तो विषय हाताळणारा लिपिक. त्या लिपिकाला नावाने ओळखा, सणाला फोन करा. माझी निम्मी कामं त्या पातळीवर झालीत.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. महिन्याने दुसरं. रागावून मात्र नाही. आरडाओरडा करणाऱ्याची फाइल नियमावर बोट ठेवून चालते, आणि नियमांना तोटा नाही.

पायरी सहावी: लोकप्रतिनिधी

आमदारांना भेटण्याआधी त्यांच्या स्वीय सहायकाला भेटा. त्याच्याकडे तुमचा तयार प्रश्न द्या, टाइप करून, विधानसभेत विचारता येईल अशा भाषेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, किंवा अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना, काय सोयीचं ते त्यांना ठरवू द्या. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात नागपूरला, अर्थसंकल्पाचं त्यानंतर मुंबईत. प्रश्न बरेच आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणून दिवाळीच्या फराळाला गेलात तर पाकीट घेऊनच जा.

इथे एक सापळा आहे. आमदार भले असतात आणि लगेच म्हणतात, "रुग्णवाहिका देतो" किंवा "शिबिर घेऊ." नकार देणं अवघड जातं. पण घरी जाऊन जखम धुणाऱ्या नर्सचा पगार आणि गाडीचं डिझेल, ही खरी गरज आहे, आणि आमदार निधीतून पगार होत नाहीत. उभी गाडी गंजते. आमच्याकडच्या एका गाडीवर दात्याचं नाव अजून झळकतंय, बॅटरी मात्र कधीचीच उतरलीय. तेव्हा अदबीने सांगा, "साहेब, गाडी नको. जिल्हा नियोजन समितीत हा विषय घ्या." पालकमंत्री त्या समितीचे अध्यक्ष असतात. पुढच्या वर्षाचे आराखडे हिवाळ्यात ठरतात. मार्चमध्ये गेलात तर वर्ष गेलं.

आणि खालच्या पातळीला कमी लेखू नका. केरळचं नाव सगळे घेतात, पण ते उभं राहिलं कसं ते थोड्यांना माहीत असतं. १९९३ मध्ये कोझिकोडला एक छोटी सोसायटी सुरू झाली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गल्लीबोळातले स्वयंसेवक आठवड्याचे काही तास देऊन शेजारच्या रुग्णांकडे जाऊ लागले. शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. सरकारी धोरण आलं २००८ मध्ये, म्हणजे काम आधी आणि कागद नंतर, आणि मग घरभेटीच्या नर्सचा भार पंचायतींनी उचलला. आपल्याकडे उलटं झालं, कागद आधी आला. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या की गावात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी आशाताई नि ग्रामपंचायत मिळून करतील. यादी करायला पैसे लागत नाहीत. पण ती झाल्यावर "आमच्याकडे असे रुग्णच नाहीत" हे उत्तर कुणाला देता येत नाही.

पायरी सातवी: माणसांच्या गोष्टी

आकड्यांनी फाइल हलते, गोष्टीने साहेब हलतात. पण रुग्णाची गोष्ट सांगताना घरच्यांची परवानगी लेखी घ्या, आणि फोटो शक्यतो टाळाच. मी एकदा एका ताईंना बैठकीला नेलं. त्यांचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते. त्या बोलल्या, सगळे गहिवरले, आणि परतीच्या गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटतं मी घाई केली. आता निदान वर्ष उलटल्याशिवाय कुणाला विचारत नाही.

जाता जाता: लिव्हिंग विल

हा विषय वेगळा, तरी त्याच फाइलच्या शेजारचा. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला. बरा होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत, असं आधी लिहून ठेवता येतं. पहिली पद्धत इतकी किचकट होती की कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पण कागदाची एक प्रत स्थानिक संस्थेकडे ठेवायची आणि ती सांभाळायला तिथे अधिकारी नेमलेला हवा, अशी तरतूद होती, आणि अधिकारीच नेमलेले नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार त्यासाठी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्यभर असे अधिकारी नेमले गेले. पुन्हा तेच: निकाल होता, टेबल रिकामं होतं. तुमच्या नगरपालिकेत जाऊन विचारा, असा अधिकारी कोण. त्याला स्वतःला माहीत आहे का, हेही कळेल.

पायरी आठवी: आदेश निघाल्यावर

आदेश निघाला की लोक पेढे वाटतात आणि पांगतात. मीही पांगलो होतो. आमच्या ग्रामीण रुग्णालयाला मॉर्फिनची मान्यता मिळाली, बातमी छापून आली. सहा महिन्यांनी गेलो तर कपाटाला कुलूप, गोळ्या आत, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्या डॉक्टरांची बदली झालेली. नवीन डॉक्टर प्रशिक्षित नव्हते, म्हणून लिहून द्यायला घाबरत होते. औषध होतं, कागद होता, रुग्ण परत चालले होते.

तेव्हापासून आमचा एक साधा तक्ता आहे, वहीच्या पानावर आखलेला. गोळ्या किती शिल्लक, लिहून देऊ शकणारे डॉक्टर किती, त्यांची बदली कधी अपेक्षित, मान्यतेची मुदत कधी संपते, वार्षिक विवरण गेलं का. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्यापैकी एक जण जातो. आता एका जागी दोन डॉक्टरांना प्रशिक्षण द्या, ही आमची सध्याची मागणी आहे. आवक क्रमांक मिळालाय, पहिलं स्मरणपत्र गेलंय. संकलनातल्या ताई म्हणाल्या, टिप्पणी तयार आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, गुरुवारी या.